नेहमीसारखं जेवून या

"डॉक्टर, गरोदर बाईला डायबिटीस झाला तर गोड फक्त तिचंच का बंद करतात? तिच्या नवऱ्याचं का नाही?"

हे मी विचारलं. मी, गौरवी सगुण परब, जी गेल्या वर्षापर्यंत हजेरीलासुद्धा "येस टीचर" असं पुटपुटायची की बाई दोनदा नाव घ्यायच्या. आणि विचारलं कुठे, तर शाळेच्या हॉलमध्ये, मागे सगळे मुलगे बसलेले असताना, उभं राहून.

तालुक्याच्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरबाई लोहाच्या गोळ्यांवर बोलायला आल्या होत्या. सिद्धी आणि रूपालीने मला चिमटे काढून काढून पैज लावली होती, "विचारलंस तर रोस-ऑम्लेट आमच्याकडून." रोस-ऑम्लेट म्हणजे गाड्यावर मिळतं ते, कोंबडीच्या रश्श्यात बुडवलेलं. हॉल असा हसला की पंख्याचा आवाज ऐकू येईना. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "घरी कोण आहे तुझ्या?"

"वहिनी."

"मग हा प्रश्न दादाला विचार. उत्तर मिळालं तर मला येऊन सांग."

हॉल पुन्हा हसला. रोस-ऑम्लेट मी जिंकलं होतं, पण सिद्धी म्हणाली आज गाडा बंद असतो. तिचं नेहमीचंच.

यंदा गोव्यात शाळा एप्रिलातच सुरू झालेली, पण सकाळचीच, त्यामुळे उन्हं डोक्यावर येईपर्यंत मी कोरगावात घरी पोहोचलेली. काजूचा भर होता. अंगणात बोंडूंचा ढीग, त्यावर माशा, आणि सगळीकडे तो आंबूस गोड वास, जो केसांतून मे संपेपर्यंत जात नाही. वहिनी पाटावर पाय पसरून बसली होती, पोट मांड्यांवर टेकलेलं. एक बोंडू उचलायचा, बी पिळून काढायची, बी टोपलीत, बोंडू ढिगावर. बियांच्या तेलाने तिच्या बोटांची सालं गेली होती. दादा घरामागच्या दगडी कुंडीत बोंडू तुडवत होता. आई भाटात, काजूच्या बागेत होती.

मी प्रश्न सांगितला तशी वहिनी हसली. इतकी हसली की पोट हलायला लागलं आणि तिने हाताने ते धरून ठेवलं.

"दादा," मी ओरडले, "डॉक्टरांनी तुका उत्तर विचारलंहा!"

"माझ्या पोटात काय आसा?" दादा कुंडीतून म्हणाला. "नीरो आसा. आण गो एक पेलो."

नीरो म्हणजे तुडवलेल्या बोंडूंच्या लगद्यावर दगड ठेवला की जो स्वच्छ रस ठिबकतो, तो. फेणीच्या भट्टीवर चढायच्या आधीचा. मीठ आणि ठेचलेली मिरची घालून प्यायला की उन्हाचं नावसुद्धा आठवत नाही. मी दादाला नेऊन दिला. परत आले तर वहिनीच्या हातातही पेला होता.

"वैनी!"

"तुझ्या आईन ठेवल्यान," ती म्हणाली. "मी काय करू?"

तेवढ्यात आई डोक्यावर टोपली घेऊन आलीच. घामाने ब्लाउज पाठीला चिकटलेला, कपाळावर पाला.

"पिऊ दी तिका," आई म्हणाली. "त्यात साखर खंय आसा? कोणी घातली साखर? देवान दिल्लो रस. पोटाक थंड."

सांगायला हवं की वहिनीचं हे सगळं कसं सुरू झालं. वहिनीचं नाव भाग्यलक्ष्मी, माहेर सातार्डा, म्हणजे नदी ओलांडली की झालं महाराष्ट्र. सहावा लागला तेव्हा इस्पितळात तिला ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं. एवढं गोड की घसा चिकटतो. ते तिने बाहेर येऊन चाफ्याच्या बुंध्याशी ओकून टाकलं. सिस्टर म्हणाली, ओकलीस तर तपास होत नाही, परत ये. परत गेली, नाक दाबून प्यायली, दोन तास बाकावर बसली, मग रक्त दिलं. साखर चढलेली निघाली.

डॉक्टरांनी समजावलं. गरोदरपणात काही बायांना होतो असा डायबिटीस, बाळंत झाल्यावर बहुतेकींचा जातो. भात कमी, नाचणीची भाकरी, मासे, कडधान्य, पाला भाजी. पेज नको. फळांचा रस नको. जेवल्यावर थोडं चालायचं. आणि पंधरा दिवसांनी तपासायला येताना काय करायचं?

"घरी नेहमीसारखं जेवून या," डॉक्टर म्हणाल्या. "जेवल्यावर दोन तासांनी रक्त घेऊ. साखर आटोक्यात नसेल तर मग इन्सुलिन सुरू करू."

आईने यातलं शेवटचं तेवढं ऐकलं. घरी येईपर्यंत तिने ठरवून टाकलं होतं.

"एकदा सुई लागली काय ती जल्मभर लागता," ती म्हणाली. "वरच्या वाड्यावरच्या जानकीक लागली, ती मरासर सुटली नाय. माझ्या सुनेक सुई नको."

मग आमच्या घरात तपासणीची एक वेगळीच तयारी सुरू झाली. एरवी वहिनीला सकाळ-संध्याकाळ उकड्या तांदळाची पेज. "पेज काय गोड आसता?" आई विचारायची, आणि या प्रश्नाला उत्तर द्यायला आमच्या घरात कोणाची टाप नव्हती. दुपारी भाताचा डोंगर, वर नीरो, मधेच शेजारणीने पाठवलेलं मणगणं, म्हणजे गुळाची खीर, कारण पोटुशी बाईला वाडा खाऊ घालतो, नाही खाल्लं तर मान गेला. आणि तपासणीच्या आदल्या दुपारपासून? काही नाही. कुळथाचं पाणी. सकाळी भाजीची चार पानं. आणि बसमध्ये बसवताना आईचं पढवणं, "विचारल्यानी तर सांग, नाचण्याची भाकरी, भाजी आणि अंडां खाल्लं."

पहिल्या खेपेला साखर अशी छान आली की डॉक्टरांनी वहिनीचं कौतुक केलं. दुसऱ्या खेपेलाही तेच. आई सगळ्या वाड्याला सांगत फिरली. "माझ्या हातचा गुण!" त्या दिवशी घरात शिरा झाला.

आणि वहिनीचं पोट वाढत गेलं. बायका येऊन हात फिरवायच्या, मुलगाच धरून चालायच्या. "झील तयारच होवन येतलो गो, चंद्रावती!" आई फुलायची आणि दादाच्या जन्माचं सांगायची. "माझो दत्ताराम सव्वाचार किलो होतो. इस्पितळातलो काटो खाली बसलो." येत्या रविवारी फुलं माळायची होती, सातव्याचा सोहळा. पन्नास बायकांना सांगून झालं होतं. नंतर रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी, सातार्ड्याला.

शुक्रवारी तपासणी होती. आई काजू सोडून हलणार नव्हती, बाबांना भट्टी, दादाला कुंडी. शाळेला दांडी मारून मला वहिनीसोबत पाठवलं. मला तर आनंदच झाला. बसमध्ये मी खिडकीशी. वहिनी डोळे मिटून बसली होती. ओठ पांढरे. तिने काल दुपारपासून काही खाल्लेलं नव्हतं हे मला माहीत होतं, घरात सगळ्यांनाच माहीत होतं. जसं आमच्या गायीच्या पायाला जखम आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

इस्पितळात बाकावर जागा नव्हती. एका बाईने सरकून वहिनीला अर्धी मांडी टेकवायला दिली. रक्त घेतलं. साखर छान! सिस्टर म्हणाली, "तुझं बरं चाललंय गो." मग सोनोग्राफी. मग पुन्हा बाकावर. वहिनीच्या कपाळावर घाम आणि हात बर्फासारखे. मी तिच्या पदराने वारा घालत होते तेवढ्यात नाव पुकारलं.

आत शाळेत आलेल्या त्याच डॉक्टर. मला बघितलं आणि ओळखलं. "तू ती प्रश्नवाली ना? दादाने उत्तर दिलं?"

"नाय," मी म्हटलं. "नीरो प्यायलो."

त्या हसल्या. मग सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचला आणि हसणं गेलं. पुन्हा वाचला. "बाळाचं पोट महिन्याच्या मानाने फार मोठं आहे. बाळाभोवतीचं पाणीही वाढलंय." त्यांनी रक्ताचा आकडा बघितला. "आणि साखर मात्र सोन्यासारखी. असं कसं? सकाळी काय खाल्लं?"

"नाचण्याची भाकरी, भाजी आणि अंडां," वहिनी म्हणाली. शाळेत कविता म्हणतात तसं.

"काल रात्री?"

"नाचण्याची भाकरी, भाजी..." वहिनी थांबली.

"आणि अंडं," डॉक्टर म्हणाल्या.

वहिनी जमिनीकडे बघत होती. तिचा हात टेबलाखाली माझ्या मनगटावर होता, घट्ट. आणि मला एकदम आमच्या वर्गातला तो मुलगा आठवला, जो गणितात पैकीच्या पैकी मिळवायचा आणि फळ्यावर उभा केला की ज्याला भागाकार यायचा नाही.

"डॉक्टर, तिने काल दुपारपासून काही खाल्लेलं नाही," मी म्हटलं. "दर वेळी असंच. घरी पेज, भात, नीरो, सगळं चालू असतं. फक्त तुमच्याकडे यायच्या आदल्या दिवशी बंद."

वहिनीने मला असा चिमटा काढला की आजही तिथे डाग आहे.

डॉक्टर चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेन ठेवलं आणि डोळे चोळले.

"भाग्यलक्ष्मी, मी आकड्याला औषध द्यायचं की तुझ्या बाळाला? एवढे दिवस मी आकड्याला शाबासकी देत बसले."

"सुई लागली तर सुटत नाय म्हणतत," वहिनी म्हणाली. आवाज ऐकूसुद्धा येत नव्हता.

"कोण म्हणतं? बाळंत झालीस की बहुतेक वेळा त्याच दिवशी सुटते. पण आता नाही घेतली तर काय होतं ऐक. बाळ फुगत जातं. डोकं बाहेर येतं आणि खांदा अडकतो. मग ओढून काढावं लागतं. ओढताना मानेतली शीर ताणली जाते, आणि पुढे जन्मभर मुलाचा हात वर जात नाही. ते नाही झालं तर जन्मल्यावर बाळाची साखर एकदम खाली येते, झटके येतात."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे.

दादाचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. शर्ट घालताना तो आधी डावा हात बाहीत घालतो, उजव्याने ओढून. झाडावर कधी चढला नाही, म्हणून तो कुंडीत तुडवतो आणि काजू आम्ही काढतो. घरात म्हणतात, जन्मतानाच नजर लागली.

मी डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "असेलही. आता इतक्या वर्षांनी कोण सांगणार?" पण त्यांनी मान हलवली ती बराच वेळ.

उद्या सकाळी अ‍ॅडमिट व्हायचं ठरलं. चार-पाच दिवस. जेवण इस्पितळाचं, दिवसातून कितीतरी वेळा रक्त, आणि सुई किती लागते ते बघून ठरवायचं. सोबत एक बाई हवी, बायकांच्या वॉर्डात पुरुष चालत नाहीत. आणि सातार्ड्याला आता नाही, बाळंतपण इथेच, जिथे रोज तपासता येईल.

बाहेर आल्यावर मी गाड्यावरून वहिनीला पोई आणि चण्याची भाजी घेऊन दिली. पोई म्हणजे कोंड्याचा पाव, डॉक्टरांनी चालेल म्हटलेलं. ती उभ्याउभ्या खायला लागली, मोठे मोठे घास, आणि खाता खाताच रडायला लागली.

"तू माझा घर मोडलंस," ती म्हणाली.

"मी?"

"आता घरी गेल्यावर मामी माका काय म्हणतली? तू त्यांच्या पोटचां चेडू. तुका कोण काय बोलता?" वहिनी आईला मामी म्हणते. तिने नाक पुसलं. "मी काय हौसेन पितंय तो नीरो? नाय म्हटलं तर म्हणतत, माहेरची शेफारलेली. प्यायलंय तर साखर. तेच देतत, मगे तेच उपाशी ठेवतत. काल संध्याकाळी बोंडू पिळताना माझ्या डोळ्यांसमोर काळोख इलो. कोणाक सांगू?"

मी तिच्यासाठी पाण्याचा पेला धरून उभी राहिले. मग आत गेले आणि सिस्टरला विचारलं, "सोबत मी चालेन का?"

"वय?"

"सोळावं लागलंय."

तिने मला वरून खाली बघितलं. "पळापळ होईल. रडत बसायचं नाही."

"मी रडत नाही," मी म्हटलं. हे तोपर्यंत तरी खरं होतं.

घरी पोहोचलो तेव्हा सगळे अंगणात होते. बाबा भट्टीच्या भांड्याचं तोंड मातीने लिंपत होते. आई बोंडूंच्या ढिगाशी. दादा पाय धूत होता.

"काय सांगल्यानी?" आईने हात न थांबवता विचारलं. "साखर?"

"साखर बरी," वहिनी म्हणाली आणि सरळ न्हाणीत गेली.

"बघलात?" आई बाबांकडे बघून म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. पाणी, बाळाचं पोट, अ‍ॅडमिट, सुई, सातार्डं नाही. आईचे हात हळूहळू थांबले.

"उपाशी होती म्हणान तू सांगलंस?" तिने विचारलं. "परक्या बाईक? घरातला?"

"ती डॉक्टर आसा."

"डॉक्टर आसली तरी घराची इज्जत..."

"चंद्रावती," बाबा म्हणाले.

"तुमी गप रवा. पन्नास बायकांक सांगून बसलंय मी. आयतारी फुलां माळूची आसत. तिच्या माहेरची माणसां येतली. त्यांका काय सांगू, सून इस्पितळात पडली? म्हणतले, ह्यांनी पोरीक जेवूक घातला नाय. आयतार जाऊ दी. सोमवारी बघू."

"आणि आयतारी पन्नास बायका तिका काय भरवतल्यो?" मी विचारलं. "कुळथाचा पाणी?"

"तोंड बघ कसा चालता!" आईने बी टोपलीत फेकली, ती बाहेर पडली. "शाळेत शिकवतत ह्या? मी दोन पोरां काढलंय. ह्या पोटाक बघून सगळी बोलतत, काय बाळ वाढवलंहास म्हणान. आणि तुझी डॉक्टर म्हणता मोठा झाला ता वायट? मोठा झाला तर वायट? माझो दत्ताराम..."

"सव्वाचार किलो होतो," मी म्हटलं. "आणि तेचो हात?"

दादा टॉवेलने पाय पुसत होता, तो तसाच वाकून राहिला.

"तेच्या हाताचा काय?" आई म्हणाली. आवाज वेगळाच.

मी सांगितलं. डोकं येतं, खांदा अडकतो, शीर ताणते. मला वाटलं होतं हे सांगताना मला जिंकल्यासारखं वाटेल, हॉलमध्ये वाटलं होतं तसं. तसं काही झालं नाही. मला ते शब्द मधेच परत गिळावेसे वाटले. पण अर्धे बाहेर आले होते.

आई दादाकडे बघत होती. दादा सरळ झाला. "माका काय म्हायत?" तो म्हणाला. "मी तेव्हा जल्मत होतंय." कोणी हसलं नाही.

"ओढून काढलेलो," आई म्हणाली. आमच्याशी नाही, बोंडूंशी. "सिस्टर पलंगावर चढली होती. माका म्हणाली, नशीब समज, जिवंत आसा." मग एकदम डोळे वर करून, रागाने, "माका कोणी सांगला नाय ता! कोणी एक अक्षर सांगला नाय! नीरो पी म्हणाले, पियालंय. बाळ मोठा म्हणाले, पेढे वाटले."

तिची बोटं सालपटलेली होती, वहिनीच्या बोटांसारखीच. बाबांनी लिंपायची माती खाली ठेवली.

"सोमवारी," ते म्हणाले, पण विचारल्यासारखं. "सोमवारी धाडूया. आयतारचा झाला की. दोन दिवसांनी काय होता?"

"आणि सोबत कोण रवतला?" आई म्हणाली. "काजू जमनीर पडत. मी गेलंय तर हय कोण बघतला? तिच्या माहेराक आवस, ती पायान अधू. कोण रवतला थंय?"

न्हाणीतून पाण्याचा आवाज थांबला होता. वहिनी दारात उभी होती, ओल्या तोंडाने, एक हात पोटाखाली. सगळे कोण काय बोलतात ते ऐकत. इतके दिवस तिच्याबद्दल जो जो बोलला, तो तिला बाजूला ठेवूनच बोलला होता. मीसुद्धा.

"वैनी," मी विचारलं, "सोमवार काय उद्या?"

तिने आईकडे बघितलं. बाबांकडे. दादाकडे. दादाने उजव्या हाताने डावा खांदा धरला होता, त्याला कळतसुद्धा नव्हतं.

"उद्या," वहिनी म्हणाली.

माझी सोमवारपासून चाचणी परीक्षा होती. बाईंना काय सांगायचं ते मला माहीत नव्हतं. वॉर्डात झोपायचं कुठे तेही माहीत नव्हतं. मी अंगणाच्या मधोमध गेले, जिथून आईबाबा दोघेही मला बघू शकतील.

"आई, बाबा, आयका," मी म्हटलं. "उद्या सकाळच्या बशीन मी वैनीक घेवन जातंय. सुई लागली तर लागली. वैनी सुटासर मी थंयच रवतलंय, शाळा बुडली तरी. आयतारी बायकांका काय सांगूचा ता तुमी बघा."